नमुन्याला दिलेला गार्ड

दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणाचा पगार किती, कुणी विम्यात किती घातले आणि कुणी बायकोला न सांगता पोस्टात किती ठेवले, हे हनुमंत कोकरेला तोंडपाठ होतं. आणि ते आपल्याला तोंडपाठ आहे, हे त्याला फार आवडायचं. तो लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं भरून द्यायचा. स्टेशनाबाहेर सायकलच्या दुकानावरच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. एक टेबल, एक बाकडं आणि भिंतभर उघड्या फळ्या. फळ्यांवर फायली. जुलै महिन्यात तर जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

हनुमंत मूळचा भांडगावचा. आजा मेंढरांमागं हिंडला, बापानं काठी ठेवून नांगर धरला आणि हनुमंतानं बी.कॉम. करून पेन धरलं. घराण्यातला पहिला पदवीधर म्हटल्यावर डोक्यात थोडी हवा असणारच. पण माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, पैशाला सरळ. खोड एकच, हातातलं काम सोपं कसं करता येईल याचा नको तितका सोस.

त्याला कारणही तसंच होतं. पहिल्यांदा रिटर्न भरायला येणारी मंडळी भलतेच कागद घेऊन यायची. कुणी लाइटबिल आणी, कुणी सातबारा. एकानं तर लेकाला गोवराची लस टोचल्याचा दाखला जपून प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. प्रत्येकाला समजावता समजावता हनुमंताच्या तोंडाला फेस यायचा. मग त्यानं शक्कल लढवली. म्हणाला, नमुनाच देऊन टाकू.

नमुन्याला फाइल निवडली सोपानराव गिरमेंची. सोपानराव मालगाडीचे गार्ड. असा टापटिपीचा माणूस की कागदाला घडी पडली तर उशाखाली घालून सरळ करणार. त्यांचा फॉर्म सोळा, पॅन कार्ड, रेशन कार्ड, सगळं एकाखाली एक, टाचणी कोपऱ्याला. हनुमंतानं त्या कागदांच्या भरपूर झेरॉक्स काढल्या, वरच्या पानाच्या कोपऱ्यात आपल्या वळणदार अक्षरात ‘असे कागद आणावेत’ असं लिहिलं आणि येईल त्याच्या हातात एकेक जुडगा ठेवू लागला. आपण काही वावगं करतोय, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. शिंप्याकडं मापाला जुनं झंपर देतात, तसा त्यानं गावाला सोपानराव मापाला दिला.

दोन हजार चारचा पाऊसकाळ सरत आला होता. रिटर्नांची धामधूम संपलेली. हनुमंत टेबलावर पाय टाकून पेपर वाचत बसला होता, तेवढ्यात सोपानराव जिना चढून आले. अंगावर युनिफॉर्म, आणि वरचं बटण खालच्या काजात. ते बटण बघूनच हनुमंतानं पाय खाली घेतले.

“काय झालं, सोपानराव?”

“गिता निमोण्याला गेली, साहेब. माहेरी. आता येत न्हाई म्हणली.”

सोपानराव बाकड्यावर बसले आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. क्वार्टरवर मोबाइलचं बिल आलं होतं. सोपानराव गिरमे या नावानं, त्याच पत्त्यावर. आता सोपानरावांकडं लाल झेंडी होती, हिरवी झेंडी होती, शिट्टी होती. मोबाइल मात्र कधी नव्हता. बिलाला जोडून केलेल्या फोनांची यादी होती, आणि सगळे फोन शिरूरच्या एकाच नंबरावर. तेही बहुतेक सोपानराव ड्यूटीवर असतानाचे.

गिताबाई, म्हणजे सोपानरावांची बायको, सातवी शिकलेली. तिनं बिल दोनदा वाचलं, घडी घातली आणि कोपऱ्यावरच्या कॉइन बॉक्सवरून तो नंबर फिरवला. पलीकडून एका पोरीचा लाडिक आवाज आला, “किती वेळ लावलास रे? कधीची वाट बघतीय मी!”

गिताबाईनं रिसीव्हर ठेवला. घरी आली, भाकऱ्या केल्या, नवऱ्याचा डबा भरून त्याला ड्यूटीवर पाठवला आणि मग पिशवी उचलून चालती झाली. भांडण नाही, तंटा नाही. भांडली असती तर सोपानरावांना बरं वाटलं असतं.

“मी त्या मोबाइलच्या दुकानात गेलतो,” सोपानराव म्हणाले. “लई हुज्जत घातली तवा त्यांनी अर्ज दाखवला. त्याला माझेच कागद जोडलेत! कुणीतरी माझ्या नावानं फोन घेतलाय. पडताळणीला पोरगं आलं हुतं म्हणं. त्यानं शेजारी इचारलं, सोपानराव गिरमे हितंच राहत्यात का? शेजारी म्हणला, व्हय. झाली पडताळणी! ही बघा, झेरॉक्स आणलीय.”

त्यांनी कागद टेबलावर पसरले. पॅन कार्डावरचा फोटो झेरॉक्सची झेरॉक्स होऊन होऊन तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. तो सोपानरावांचा होता, असं फक्त सोपानरावच सांगू शकत होते. आणि वरच्या कोपऱ्यात, पुसट पण वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘असे कागद आणावेत’.

हनुमंतानं आपलं अक्षर ओळखलं.

“ह्ये कोपऱ्यात काय लिवलंय, काय कळंना,” सोपानराव म्हणाले.

“असंल कुणाचीतरी टिपणी,” हनुमंत म्हणाला. आणि कागद उलटा करून ठेवला.

“साहेब, एक काम करा. माझ्यासंगं निमोण्याला चला. तुम्ही शिकलेलं माणूस. असं दुसऱ्याच्या नावानं फोन घेणारं चोर असत्यात, एवढं तिला समजावून सांगा. माझं ती ऐकायची न्हाई. तुमचं ऐकंल.”

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. हनुमंतानं स्कूटर काढली, मागं सोपानरावांना बसवलं आणि दोघं चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. वाटेत हनुमंत मनातल्या मनात भाषण जुळवत होता. जमाना कसा बिघडला, कंपन्या कशा डोळे मिटून फोन वाटतात, लबाड लोक कुठून कुठून कागद मिळवतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खरं तेवढं एक वाक्य त्यात नव्हतं, आणि ते बोलायची वेळ येऊ नये अशी तो देवाकडं प्रार्थना करत होता. लोक रिटर्नाची तारीख पुढं ढकलतात, तेव्हा हाच हनुमंत त्यांना दात-ओठ खाऊन बोलायचा.

निमोण्यात गिताबाईचे वडील बबनराव यांचा मळा होता. अंगणात झेंडूची रास पडलेली. पुण्याच्या मार्केटला जायची फुलं क्रेटमध्ये भरायचं काम चाललं होतं आणि गिताबाई त्या राशीपुढं बसून खराब फुलं बाजूला काढत होती. नवऱ्याला बघून तिचा हात थांबला नाही. फक्त फुलं जरा जोरात पडायला लागली. बबनराव खाटेवर होते. त्यांच्या शेजारी गिताबाईचा चुलतभाऊ हौशीराम बसलेला. हौशीराम दौंडलाच रेल्वेत होता, कॉलनीत त्याचा शब्द चालायचा आणि तो हनुमंताचं जुनं गिऱ्हाईक. 

चहापाणी झालं. हनुमंतानं भाषण केलं. चांगलं झालं. बबनरावांनी दोनदा मान डोलावली. हौशीराम “काय जमाना आलाय!” असंही म्हणाला. गिताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाऊजी, मानलं. चोरानंच फोन घेतला. पण कागद त्याला घावलं कुठं?”

“आता ते… चोराला काय, कुठंबी घावतात.”

“कुठंबी कसं घावतील? ह्यांचं कागद दोनच जागी असत्यात. एक आमच्या ट्रंकंत. तिची किल्ली ही बघा, माझ्या कमरंला. आन् दुसरं तुमच्याकडं. ट्रंक मी उघडली न्हाई. तुमच्याकडनं काय जायचं न्हाईत, तुम्ही तर हापिसवालं माणूस. मंग ऱ्हायलं कोण?”

ती नवऱ्याकडं बघायला लागली. सगळं अंगण बघायला लागलं.

“मी न्हाई गं दिलं,” सोपानराव म्हणाले. पण इतक्या बारीक आवाजात, की खरं असूनही ते खोटं वाटलं.

“जावई,” बबनराव शांतपणे म्हणाले, “खरं काय ते सांगा. आम्ही काय खाणार न्हाई तुम्हाला.”

हनुमंतानं हौशीरामकडं पाहिलं. आता तोंड उघडलं की उद्या सकाळी कॉलनीभर होणार. फळ्या रिकाम्या होणार. बायकोला काय सांगायचं, माडीचं भाडं कुठून द्यायचं? आणि गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. त्याचं काहीच होणार नव्हतं.

तेवढ्यात सोपानराव उठून उभे राहिले. “बरं, चुकलं माझं,” ते म्हणाले. “दिलं असतील मीच कुणालातरी. आता जाऊ दे. गिता, घरी चल.”

जन्मात घडी न पडलेला तो माणूस बायकोला घरी न्यायला पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि तेही हनुमंताच्या वाटचं. हनुमंताला ते सोसवेना. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

“न्हाई वहिनी,” तो बोलून गेला. “त्यांनी न्हाई दिलं. मी दिलं.”

आणि मग सगळं सांगितलं. नमुना, झेरॉक्स, कोपऱ्यातलं अक्षर. सांगताना त्याची नजर झेंडूवरून वर उठली नाही.

“किती जणांला दिलं?” गिताबाईनं विचारलं.

“मोजलं न्हाई.”

“मोजलं न्हाई!” ती उठलीच. “अहो, आमचं माणूस म्हंजी काय जेजुरीचा भंडारा हाय व्हय, आला त्याच्यावर उधळायला?”

सोपानराव मध्ये पडायला गेले, तिनं त्यांना हातानंच बसवलं. मग हनुमंतापुढं तळहात धरला. “तुमचं कार्ड असंल ना खिशात? द्या.”

हनुमंतानं पाकिटातून आपलं पॅन कार्ड काढून दिलं. तिनं ते बबनरावांच्या हातात ठेवलं. बबनरावांनी बघितलं, हौशीरामला दिलं. हौशीरामनं नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. क्रेट भरणाऱ्या बायाही मान वर करून बघू लागल्या. आपलं कार्ड हातोहात फिरताना बघून हनुमंताला उगाचच अंगावरचा सदरा कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं.

“आता कमाई सांगा,” गिताबाई म्हणाली. “गेल्या साली किती मिळवलं? हौशीरामचा पगार तुम्हाला ठावं हाय. ह्यांचा ठावं हाय. तुमचा आम्हाला कळू द्या की.”

हनुमंतानं तोंड उघडलं. आकडा जिभेवर होता. पण माडीवर बसून साहेब म्हणवून घेणाऱ्या माणसाचा तो आकडा हौशीरामच्या पगाराच्या आसपासही नव्हता.  त्यानं तोंड परत मिटलं.

“न्हाई ना सांगवत?” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा राग आता थोडा उतरला होता. तिनं हौशीरामच्या हातातून कार्ड काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि हनुमंताला परत दिलं. “घ्या. आन् जपून ठेवा.”

मग तिनं पायात चपला सरकवल्या. “चला, आता त्या सवतीला इचारू.”

वरात निघाली गावातल्या दुकानात, तिथल्या फोनवर. गिताबाईनं तो शिरूरचा नंबर लावला. पलीकडं तीच पोरगी. तिचं नाव प्रांजल.

“बाई, मी सोपानराव गिरमेंची बायको बोलतीय. तुला ज्या मोबाइलवरनं रोज फोन येतो, त्यो त्यांच्या नावचा हाय.”

“कोण सोपानराव? मला तर दत्ताचा फोन येतो!” पोरगी म्हणाली. आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती रडायलाच लागली. “म्हणजे त्यानं नाव खोटं सांगितलं मला? लग्न झालंय त्याचं?”

गिताबाई जरा घुटमळली. पोरीचं रडणं ऐकून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण बोलली ती ठाम. “तुझा दत्ता कोण, मला ठावं न्हाई बाई. पण ज्याच्या नावानं त्यो बोलतोय, त्याचं लग्न झालंय. ह्याची गवाही मी देते.”

फोन ठेवून ती वळली आणि सोपानरावांकडं बघून हसली. एवढा वेळ अंगण, मळा, झेंडू सगळं होतं, पण सोपानरावांना ऊन पडल्यासारखं आत्ता वाटलं. त्यांनी चुकलेलं बटण सोडलं आणि नीट लावलं.

“स्कूटर ह्यांना द्या,” गिताबाई हनुमंताला म्हणाली. “आम्ही दोघं जातो घरी. तुम्ही एसटीनं या.”

हनुमंत एसटीनं आला. उभ्यानं.

आठवडा काही पुरा झाला नसेल, ऑफिसात एक लुकडा पोरगा येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. म्हणाला, “साहेब, मी दत्ता.” एका कंपनीत कंत्राटावर होता. रिटर्नाची चौकशी करायला म्हणून मागं एकदा आला होता, नमुना घेऊन गेला होता आणि परत फिरकला नव्हता. स्वतःच्या नावावर बिलाचा मोबाइल मिळत नव्हता, कारण कंत्राटदार पगाराची चिठ्ठीच देत नव्हता. हातात मात्र गार्डसाहेबांचे सगळे कागद होते. बिल भरल्याची पावती त्यानं आधी टेबलावर ठेवली.

“गुन्हा केलास लेका! पोलिसात देतील तुला,” हनुमंत कडाडला.

“द्या साहेब. पण आधी एक दाखला द्या,” दत्ता रडकुंडीला आला. “प्रांजल बोलायची बंद झालीय. म्हणती, तू सोपानराव गिरमे. तू गार्ड. तुझं लग्न झालंय. किती शपथा घेतल्या तरी ऐकना. मी दत्ताच हाय, असं तुमच्या शिक्क्यानं लिवून द्या.”

“आण तुझे कागद, देतो लिहून.”

“कागद असतं तर ह्ये केलं असतं का, साहेब?”

हनुमंताला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्याच्या नावानं महिनाभर मजा मारलेल्या पोराला स्वतःचं नाव परत मिळवायला माणूस सापडत नव्हता. त्यानं त्याला कानाला धरून गिरमेंच्या क्वार्टरवर नेलं. गिताबाईनं दत्ताला आधी भरपूर झाडलं, तो मोबाइल बंद करायला लावला, मोबाइल कंपनीला माफीचा कागद लिहायला लावला. एवढं झाल्यावर जेवायला वाढलं. आणि संध्याकाळी शिरूरला फोन करून सांगितलं, की ह्यो पोरगा दत्ताच हाय, बिनलग्नाचा हाय, आन् बिनडोक हाय. पुढचं प्रांजलनं ठरवायचं होतं, आणि तिनं ते सावकाशीनं ठरवलं.

हनुमंताचं मात्र लगेच ठरलं. हौशीरामनं बोभाटा करायच्या आधी तो स्वतःच कॉलनीत दारोदार गेला आणि काय घडलं ते सांगितलं. काहींनी चहा दिला. काहींनी फायली मागून घेतल्या. हौशीरामनं पहिली मागितली. फळ्या बघता बघता निम्म्या झाल्या, आणि हनुमंताला ते लागलं. पण तक्रार करायला जागा नव्हती.

उरलेल्या पैशात त्यानं लोखंडी कपाट घेतलं. किल्ली करगोट्याला बांधली. लोकांचे मूळ कागद ज्याचे त्याला परत केले आणि जुन्या झेरॉक्स रद्दीत न घालता परसात स्वतः उभं राहून जाळल्या. बाकडं जिन्याजवळ बाहेर काढलं, आत एका वेळी एकच माणूस. एकाचा पगार दुसऱ्याच्या कानावर जायला नको. नमुना आता कोऱ्या रेघांचा, आणि फोटोच्या जागी नुसता चौकोन. आणखी एक गोष्ट त्याला आजाची आठवली. आपली मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायची तर आजा आधी त्यांच्या पाठीवर गेरूची खूण करायचा. हनुमंतानंही नियम केला. झेरॉक्स देणाऱ्यानं तिच्यावर आडवं, ठळक, थेट फोटोवरून लिहायचं, कशासाठी दिली ते, आणि खाली सही. मग ती कुणाच्या हातात पडली तरी दुसऱ्या कामाची उरत नव्हती.

पुढच्या जुलैत जिन्यावर फारशी गर्दी नव्हती. एका दुपारी गिताबाई पिशवी घेऊन आली. सोपानराव गाडीवर होते.

“बसा वहिनी.”

तिनं आधी दाराकडं बघितलं. बाहेर बाकड्यावर एक माणूस होता. तिनं उठून दार लोटून घेतलं आणि मग पिशवीतून कागद काढले. वर हौशीरामचे होते.

“हौशीरामनं धाडल्यात,” ती म्हणाली. “म्हणला, तू देणार असशील तर माझंबी दे.”

 हनुमंतानं ते कागद दोन्ही हातांनी घेतले. त्याखाली सोपानरावांचे होते, घडी न पडलेले, टाचणी कोपऱ्याला. पॅन कार्डाच्या झेरॉक्सवर, सोपानरावांच्या काळ्या चेहऱ्यावरून, निळ्या पेनानं मोठमोठ्या अक्षरात आडवं लिहिलं होतं:

‘हा माणूस माझा आहे. फक्त रिटर्नपुरता दिला आहे. काम झाल्यावर परत करावा. गिताबाई सोपान गिरमे.’

“लिवलंय ना बरोबर? तुमच्या नियमापरमानं?” तिनं काळजीनं विचारलं.

“अगदी बरोबर, वहिनी,” हनुमंत म्हणाला.

त्यानं कागद कपाटात ठेवले, किल्ली फिरवली आणि करगोट्याला अडकवली. गिताबाईनं उठून कपाटाचं हँडल स्वतः एकदा ओढून बघितलं, आणि मगच ती जिना उतरली.